सातवं कडं

१६ सप्टेंबर, मंगळवार

केलं शेवटी! वीस तासांत.

सातव्या कड्याचं वेल्डिंग ममतानं काल दुपारी चारला संपवलं. नियम अठ्ठेचाळीस तासांचा. हे लोखंड जाड आणि कडक. जोड वरून गार झाला तरी आतल्या आत ओढ चालूच असते, भेग पडायची ती दुसऱ्या दिवशीसुद्धा पडते. म्हणून दोन दिवस थांबायचं आणि मगच आतली भेग दाखवणारी मशीन लावायची. अठ्ठावीस वर्षं मी हेच सगळ्यांना घोकून घोकून सांगतोय. आणि आज बारा वाजता मीच मशीनचा प्रोब घेऊन कड्यापाशी बसलो.

कारण काय, तर उद्या विश्वकर्मा पूजा. अठ्ठेचाळीस तास उद्या चारला भरतात आणि उद्या कुठल्याच अवजाराला हात लावायचा नाही. क्रेनला हार, लेथला हार, माझी मशीन चौरंगावर. ट्रक परवा पहाटे निघणार, म्हणजे क्रेननं कडं आजच ट्रकवर चढवायला हवं. तिकडे जोडणीच्या कारखान्यात फौजेची गाडी पोट उघडं टाकून उभी आहे म्हणे, आमच्या कड्यासाठी थांबलीय.

विजयकुमार साहेब स्वतः माझ्या टेबलाशी आले. मॅनेजर माणूस, एरवी फोनवर बोलावतो. "चिंतामणीजी, आपका हाथ तो भगवान का हाथ है. देख लीजिए, निकाल दीजिए."

मी फुगलो. खोटं कशाला लिहू? फुगलोच.

मशीनचा पडदा स्वच्छ होता. कुठे काटा उठला नाही. आठवं कडंही शेजारीच पडलं होतं, त्याचा शेवटचा थर ममतानं कालच सहाला भरलेला. सहज म्हणून त्यावरही प्रोब फिरवला. तेही स्वच्छ. मनाला म्हटलं, बघ, उगाच घाबरतोस.

मग रजिस्टर. चाचणीची तारीख सोळा, तर वेल्डिंगची चौदा हवी. चौदा लिहिली. पण ममताच्या कार्डावर पंधरा होती. ते कार्ड फाडलं, नवीन केलं, त्यावर तिचा शिक्का मारला — अकरा नंबर. पूजेच्या आवराआवरीत वेल्डरांचे शिक्के माझ्याच ड्रॉवरमध्ये जमा होते.

पाच मिनिटांचं काम.

१७ सप्टेंबर, बुधवार

पूजा झाली. सगळ्यांत म्हातारा म्हणून आरतीचं ताट माझ्याच हातात दिलं. माझी मशीन चौरंगावर, तिला हळदकुंकू, झेंडूचा हार. प्रोबच्या टोकावर सुद्धा कुणीतरी कुंकवाचं बोट टेकवलं. ममतानं नवी निळी साडी नेसली होती. वेल्डिंगच्या चष्म्याशिवाय, बूट-हातमोज्यांशिवाय पोरगी ओळखू येत नव्हती. मशीनला नमस्कार केला आणि मग वाकून माझ्या पाया पडली.

"काका, औंदा दोन कडी माह्या हातची गेली मिल्ट्रीत!"

"एकच गेलं. आठवं अजून इथं आहे."

"जाईन ना तेबी."

चार वाजता घड्याळाकडे नजर गेली. आत्ता भरले अठ्ठेचाळीस तास. कडं ट्रकवर ताडपत्रीखाली, फाटकाशी. मशीन दहा पावलांवर. उठावं, हार बाजूला करावा, ट्रकवर चढावं — वीस मिनिटांचा खेळ. विश्वकर्मा काय रागावला असता? अठ्ठावीस वर्षांत पूजेच्या दिवशी मशीनला हात लावला नाही, हा माझा बाणा. बाणा सांभाळला. बुंदीचे दोन लाडू खाऊन हुडको वसाहतीत घरी आलो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आठव्यात भेग.

सकाळी नऊला मशीन लावली. नियमानं, पुरते तास भरल्यावर. अठरा मिलिमीटर खोल, बोटभर लांब. काटा पडद्यावर असा उभा की डोळे मिटले तरी दिसतो. परवा याच जागी काही नव्हतं. मी पाहिलं होतं! माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही की परवा काही नव्हतं.

धावत फाटकाशी गेलो. ट्रक पहाटे पाचलाच गेला होता.

सातवं नि आठवं — तोच हात, तोच दिवस, तेच वेल्डिंगचे रॉड.

रॉड! दुपारी जेवताना आठवलं. हे रॉड तापत्या ओव्हनमध्ये ठेवून वापरायचे असतात. पावसाळ्यात हवेतलं पाणी शोषतात आणि तेच पाणी जोडात शिरून भेग पाडतं. पंधरा तारखेला ओव्हन बंद होता. पूजेसाठी चंदेरी रंग द्यायचा म्हणून. बंद करायला कुणी सांगितलं? पूजा कमिटीच्या अध्यक्षांनी. म्हणजे मीच. "पोरांनो, देवासमोर गंजका ओव्हन ठेवता का!" असं म्हणालो होतो, सगळे हसले होते. ममता म्हणाली पण होती, "काका, रॉड गार होऊन जाईल ना जी?" मी म्हटलं, एक दिवसानं काय होतं.

आठवं नापास लिहिलं. ते तरी खरं लिहिलं.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

विजयकुमार साहेबांनी ममताला केबिनमध्ये बोलावलं. अर्धा तास. बाहेर आली ती थेट भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी रजिस्टरात डोकं घातलं.

२१ सप्टेंबर, रविवार

सर्वपित्री. अन्नपूर्णानं वडे केले, खीर केली. बाबांच्या नावानं पान वाढलं. माझ्यानं खाववेना.

"पित्त झालं का?" म्हणाली.

"हो."

बायकोशी पण खोटंच बोलायचं ठरवलंय वाटतं मी.

तिनंच मग विषय काढला. ती गाडी कशी असते, सांगा ना. वीस वेळा सांगितलंय, तरी तिला ऐकायला आवडतं. सांगितलं. रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालते. चिखल, वाळू, नाला, कुठेही. पण रणगाड्यासारखी समोर नेम धरत नाही. पोटात उखळी तोफ असते, तोंड आभाळाकडे. छत उघडायचं, वरून गोळा नळीत सोडायचा, तो डोंगरावरून जाऊन पलीकडे पडतो. गोळा वर जातो आणि सगळा धक्का खाली बसतो. आपण मिरची कुटताना जमीन हादरते ना, तसा. तो धक्का घेतं आमचं कडं. नळीचं बूड त्यातच बसतं.

"आन् माणसं कुठं बसतात?"

"कड्याशेजारी. हातभरावर. चारपाच जण."

"बाप्पा! मंग ते कडं तुटलं तं?"

मी उठून गच्चीवर गेलो. कपडे वाळले नव्हते तरी काढून आणले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

ममताला वेल्डिंगवरून काढलं. ग्राइंडिंगला टाकलं. नोटीस बोर्डावर कागद लागला — रिकॉर्ड में लापरवाही. लापरवाही म्हणे! आणि रेकॉर्डमध्ये कसली? आठव्याचं रेकॉर्ड तर मीच लिहिलंय, स्वच्छ आहे. साहेबांना विचारावं असं वाटलं. विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी उलट काहीतरी विचारलं असतं.

हिला मी आणलं होतं. पुंडलिक माझा जुना दोस्त, रेल्वेत कीमॅन होता. रोज सात किलोमीटर रूळ पायी तुडवायचा, हातात हातोडी, एकेक चावी, म्हणजे रूळ धरून ठेवणारी पाचर, ठोकून बघायची. आई गेली तेव्हा ममता अकरावीत. पुंडलिक तिला हाताला धरून माझ्या घरी घेऊन आला नि म्हणाला, "चिंतामणभाऊ, पोरीले काई शिकवा. शाळेत मन नाही तिचं, पन हात लई सुदा हाय." हात सरळ म्हणजे इतका सरळ की मी बघतच राहिलो. आमच्या शॉपमध्ये बाई वेल्डर नव्हती. साहेब नको म्हणत होते. मी महिनाभर डोकं खाल्लं त्यांचं. नंबर पण मीच दिला. अकरा.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

आणखी एका कड्याची तातडीची ऑर्डर आलीय. आठव्याच्या बदल्यात असणार. शालिकराम वेल्डिंग करतोय. चांगला आहे, पण सरळ हात नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सातवं आत्तापर्यंत गाडीत बसलं असेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सकाळी शस्त्रपूजा. यंदा मशीन घरी आणली नाही. अन्नपूर्णानं कात्री, विळी, माझी मोजपट्टी मांडली नि पुन्हा पुन्हा माझ्याकडे बघत राहिली.

दुपारी ममता आली. आपट्याची पानं, पेढ्यांचा डबा. पाया पडली. अन्नपूर्णानं तिला जवळ ओढलं, "वाळली का वं तू? खात नाही का?" मग दोघी स्वयंपाकघरात. मला ऐकू येत होतं — हसतायत, जामुलच्या बाजारातल्या मिरचीचा भाव, कुणाचं लग्न. हसतेय कशी ही पोरगी!

निघताना फाटकापर्यंत पोचवायला गेलो. चप्पल घालता घालता म्हणाली,

"काका, चौदा तारखेले रविवार होता."

मी उघडलेली फाटकाची कडी पुन्हा लावली.

"मी घरी होती. बाबाचे पाय सुजले होते, शेकून राहिली होती दिवसभर. तं मी चौदाले वेल्डिंग कसं करीन?"

मग म्हणाली,

"कार्ड पाहिलं मी. शिक्का माहा, अक्षर तुमचं. मी काई म्हणत नाही काका. तुमी जेवत नाही म्हणे, काकू सांगून राहिली. जेवत जा. त्या गाडीचं काई होनार नाही."

"तुला काय माहीत?"

"नाही होनार," म्हणाली. सायकल काढली, गेली.

पोरीची श्रद्धा! माझ्या हातावरची! त्या हातानं काय केलंय ते कळूनही! तिचा पेढा मी खाल्ला. सगळा खाल्ला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

तिला माहीत आहे. ती गप्प आहे. माझ्यासाठी गप्प आहे. तिनं ओरडावं, चार लोकांत माझी इज्जत काढावी, तर निदान मला उत्तर द्यावं लागेल. हे असलं गप्प राहणं सहन होत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

विजयकुमार साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं. २९ तारखेला फायरिंग ट्रायल. आपल्या कड्यांच्या गाड्या रेंजवर जाणार, खरे गोळे सोडणार. टाळ्या. शालिकरामनं शिट्टी मारली.

किती गाड्या, कुठल्या नंबरची कडी — कुणी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं.

बावीस दिवस.

८ ऑक्टोबर, बुधवार

ममताचं कंत्राट पुढे वाढवलं नाही. आज शेवटचा दिवस होता तिचा. हातमोजे, चष्मा परत केले आणि शिक्का माझ्या टेबलावर आणून ठेवला. "घ्या काका, अकरा नंबर." सही घ्यायची असते शिक्का परत घेताना. मी रजिस्टर पुढे केलं. केलं! दुसरं काय केलं मी!

३१ डिसेंबरला मी रिटायर होतो. शाल, श्रीफळ, भाषण. "चिंतामणीजी का पास किया हुआ माल, आँख बंद करके ले जाओ." हेच म्हणतील. हे ऐकण्यासाठीच मी गप्प आहे, दुसरं काही कारण नाही. उगाच स्वतःला फसवत बसू नये.

९ ऑक्टोबर, गुरुवार

गेलो साहेबांकडे. मनाशी पाठ केलेलं सगळं — तारीख, कार्ड, वीस तास. खुर्चीवर बसलो आणि ओव्हनचं सांगून मोकळा झालो. फक्त ओव्हनचं! की ओव्हन मी बंद करायला लावला, रॉड ओलसर राहिले, भेगेत ममताचा दोष नाही, तिला परत घ्या.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "ये बात नहीं है, चिंतामणीजी."

"तो फिर क्या बात है? और सातवाँ..."

"सातवें का नाम भी मत लीजिए." दार लावून घेतलं त्यांनी. "आपके दो-ढाई महीने बचे हैं. इज्जत से जाइए. लड़की ने जो किया, सोच-समझके किया. आप बीच में मत पड़िए."

सोच-समझके? भेग कुणी ठरवून पाडतं का? डोकं फिरलंय या माणसाचं. पण मी "जी" म्हटलं आणि उठलो. आयुष्यभर लोखंडातल्या भेगा शोधल्या आणि मॅनेजरच्या लाकडी टेबलासमोर वाचा बसली.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

एकोणीस दिवस.

१२ ऑक्टोबर, रविवार

पुंडलिक आला. काठी टेकत, पाय अजून सुजलेले. दुर्गहून बस बदलून आला माणूस. अन्नपूर्णानं पोहे केले, त्यानं ताटली हातात धरली नुसती.

"चिंतामणभाऊ, एक इचारतो. माही पोरगी माह्याशी कधी खोटं बोलली नाही. आता म्हणते, बाबा, माह्याच हातून चूक झाली, कोनाले बोल नको लावू. पन तोंड वळवून बोलते. तुमी सांगा. तुमच्या डोळ्यासमोर काम करते ते. झाली का तिच्या हातून चूक?"

मी म्हटलं, "पोहे गार होतायत."

"मी कीमॅन होतो भाऊ. चौतीस साल. कदी ताप असला, कदी पाऊस असला, पन न पायलेल्या चावीले कदी 'पायली' असं म्हटलं नाही. वर गाडी जाते, गाडीत मानसं असतात. ममताले हेच शिकवलं मी. तिनं नसन केलं तं मले सांगा. मी कोनाले भांडनार नाही. मले नुसतं मालूम पायजे."

अन्नपूर्णा दारात उभी होती. ती पण माझ्याकडेच बघत होती.

"नाही," मी म्हणालो. "नाही झाली तिच्या हातून. माझ्या हातून झाली."

सगळं सांगितलं. वीस तास, फाडलेलं कार्ड, चंदेरी ओव्हन. शेवटी पुंडलिकनं ताटली खाली ठेवली आणि काठी घेतली. वाटलं, मारेल. मारायला हवं होतं.

"गाडी फिरून राहिली का ते?"

"२९ तारखेला गोळे सोडणार."

"मंग मले कावून सांगून राहिले? त्याइले सांगा ना!"

आणि गेला. पोहे तसेच.

अन्नपूर्णानं कोरे कागद आणि माझा चष्मा आणून टेबलावर ठेवला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

लिहिली.

कँटीनच्या भिंतीवर फौजेच्या तपासणी अधिकाऱ्याचा पत्ता लावलेला आहे — शंका असेल तर थेट लिहा. तीन वर्षं तिथं आहे, त्यावर कॅलेंडर टांगलेलं असतं. आज कॅलेंडर बाजूला करून पत्ता उतरवून घेतला. सोनू चहावाला म्हणाला, "काय काका, लव्ह लेटर?"

साधं लिहिलं. कडं नंबर सात मी वीस तासांनी तपासलं. तारीख मी खोटी लिहिली. वेल्डरचं कार्ड मी बदललं. ओव्हन मी बंद करवला. वेल्डर ममता निर्दोष. गाडीतून गोळा सोडू नका. खाली पूर्ण नाव, फोन नंबर. दुर्गच्या मोठ्या पोस्टातून स्पीड पोस्टानं टाकलं. परत येऊन जेवलो. दोन पोळ्या जास्त.

१५ ऑक्टोबर, बुधवार

आज काही नाही.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

फोन आला! मेजरसाहेब बोलत होते. आवाज तरुण. मला वाटलं, आरडाओरडा होईल. तर म्हणाले, "चिट्ठी मिल गई. आप खुद आ सकते हैं?" म्हटलं, सर, मशीन घेऊन आजच निघतो. "दिवाली कर लीजिए. २७ को आइए." इतकं शांत कसं बोलतात ही माणसं! ज्यात भेग असेल अशा गाडीजवळ दहा दिवस उभं राहणार, आणि म्हणतात दिवाळी करा.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

लक्ष्मीपूजन झालं. ममताला फोन केला. "काका, दिवाळीच्या शुभेच्छा!" असं ती ओरडली, मागे फटाके. म्हटलं, मी मेजरला सगळं लिहून टाकलंय.

"कावून लिवलं काका?"

"कावून म्हणजे? तुझ्या बापानं विचारलं म्हणून. आधीच लिहायला हवं होतं म्हणून."

"आता तं... तुमी नव्हतं लिवाचं ना जी." रडत होती.

वेडी. अजून मलाच वाचवू बघतेय.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

साहेबांना रजेचा अर्ज दिला, कारण खरं लिहिलं. वाचून त्यांनी कपाळ धरलं. "दोनों पागल हो," म्हणाले. दोघं कोण, मला कळलं नाही. मी आणि पुंडलिक असू.

२६ ऑक्टोबर, रविवार

रेल्वेत. खिडकीशी जागा मिळाली. मशीनची पेटी मांडीवर घेतलीय, खाली ठेवावीशी वाटत नाही. शेजारचा विचारतो, "काय आहे काका, वीणा का?" म्हटलं, नाही, सोनोग्राफीची मशीन. लोखंडाची. तो हसला. माझ्या कामाला अन्नपूर्णा हेच म्हणते.

कुठे जातोय त्या गावाचं नाव इथे लिहीत नाही. तेवढी सवय उरलीय.

पडद्यावर काय दिसेल? भेग निघाली तर माझं तोंड काळं, पण चार माणसं वाचली. निघाली नाही तरी तोंड काळंच, पण ममताच्या हाताची इज्जत राहिली. दोन्हींतलं काय मागावं देवाकडे, ते ठरत नाहीये. प्रोब पुसून ठेवला. टोकावर कुंकवाचा डाग अजून आहे.

२७ ऑक्टोबर, सोमवार

मशीन उघडावीच लागली नाही.

मेजरसाहेब मला शेडमध्ये घेऊन गेले. गाडी उभी होती — हिरवी, छत उघडं. मी आत वाकलो. कड्याच्या जागी नवंकोरं कडं. शिक्का शालिकरामचा. म्हटलं, सर, ही ती गाडी नव्हे.

"वही है," म्हणाले. आणि भिंतीकडे बोट केलं. सातवं कडं भिंतीला टेकून उभं होतं, त्यावर लाल रंगाची फुली. भेग होती. जोडाच्या पाव भागात.

"ये तो सितंबर में ही निकलवा दिया था. आपके यहाँ से चिट्ठी आई थी. आपकी वाली दूसरी है."

फायलीतून पहिली काढून दिली. वहीचा कागद, निळी शाई, ओळी सरळ रेषेत. तारीख अठरा सप्टेंबर. ज्या दिवशी आठव्यात भेग निघाली आणि मी रजिस्टर मिटून घरी आलो, त्या दिवसाची.

"कड़ा नंबर सात की वेल्डिंग १५ तारीख को चार बजे पूरी हुई. कार्ड पर १४ मैंने गलत लिखा. चिंतामणी सर ने मेरे लिखे पर भरोसा करके जाँच की, उनकी कोई गलती नहीं है. इस गाड़ी से गोला मत छोड़िए. ममता, वेल्डर नंबर ११."

मेजरसाहेबांनी विचारलं, "दोनों में से सच कौन-सी है?"

मी म्हटलं, माझी. आणि तिथेच, त्या गाडीच्या पट्ट्यावर खाली बसलो.